डोक्यात बसलेलं गाणं खरं तर जिभेवर बसलेलं असतं

प्रश्न थोडक्यात असा आहे: रील बघताना एखादं गाणं तीन-चार वेळा कानावर पडतं. ते फारसं आवडलेलंही नसतं. तरी पुढचे दोन दिवस भाजी चिरताना, गाडी चालवताना, मीटिंगमध्ये बसलेलं असताना तीच एक ओळ आत फिरत राहते. हे का होतं, संगीतकार ते ठरवून करतात का, अशी गाणी मुळात हलकीच असतात का, आणि नको असलेली ओळ घालवायची कशी?

मी संगीत संयोजक आहे, आमच्याकडच्या भाषेत अ‍ॅरेंजर. मराठी चित्रपट, अल्बम, जाहिराती, सगळीकडे काम केलं आहे. मुखडा, म्हणजे गाण्याची परत परत येणारी सुरुवात, लोकांच्या तोंडी बसेल की नाही, यावर आमची रोजीरोटी चालते, त्यामुळे या प्रश्नाशी माझा रोजचा संबंध आहे. माझं उत्तर आधी सांगतो, मग कारणं. जे गाणं डोक्यात अडकतं ते आधी जिभेवर अडकलेलं असतं. आपण ते आत ऐकत असतो असं आपल्याला वाटतं, पण बऱ्याच अंशी आपण ते आत गात असतो. ओठ हलत नाहीत, आवाज निघत नाही, तरी बोलण्याची यंत्रणा हळूच चालू असते. फोन नंबर लिहून घेईपर्यंत आपण मनात घोकतो ना, तशीच.

हे नुसतं माझं मत नाही. इंग्लंडमधल्या रेडिंग विद्यापीठातल्या फिलिप बीमन आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांना चिकटणारं गाणं ऐकवलं आणि नंतर काहींना च्युइंगम चघळायला दिलं. चघळणाऱ्यांच्या डोक्यात ते गाणं कमी वेळा आलं. नुसती बोटं टेबलावर आपटत बसणाऱ्यांना तेवढा फायदा झाला नाही. जबडा आणि जीभ दुसऱ्या कामाला लागली की आतलं गाणं अडखळतं. गाणं फक्त कानाचं असतं, तर च्युइंगमने त्याला काय फरक पडला असता?

हे एकदा मान्य केलं की कुठली ओळ चिकटेल ते बघायची दिशाच बदलते. मग राग कुठला, वाद्यं किती, गायक कोण हे प्रश्न मागे पडतात आणि पहिला प्रश्न उरतो: ही ओळ सामान्य माणसाला श्वास न तोडता, जीभ न अडखळता, पुन्हा पुन्हा म्हणता येते का?

याचं मला सर्वांत आवडणारं उदाहरण म्हणजे 'कोंबडी पळाली'. २००६ च्या 'जत्रा' चित्रपटातलं, अजय-अतुल यांचं, आनंद शिंदे आणि वैशाली सामंत यांनी गायलेलं. हीच चाल २०१२ च्या 'अग्निपथ'मध्ये 'चिकनी चमेली' होऊन आली, श्रेया घोषाल यांच्या आवाजात, अमिताभ भट्टाचार्य यांचे शब्द घेऊन. शब्द पूर्ण बदलले, भाषा बदलली, ऐकणारा समाज बदलला आणि तरी चाल दोन्हीकडे तितकीच बसली. असं का झालं ते ओळ उघडून बघितल्याशिवाय कळत नाही.

'कोंबडी' आपण बोलताना कोंब-डी असं दोन टप्प्यांत म्हणतो. 'चिकनी'सुद्धा चिक-नी. दोन्हींत पहिला टप्पा बंद, म्हणजे व्यंजनावर मिटणारा, आणि दुसरा दीर्घ ईकारावर उघडणारा. पुढे 'पळाली' आणि 'चमेली'. एक ऱ्हस्व, मग दोन दीर्घ, छंदशास्त्रात लगागा म्हणतात तेच, आणि दोन्हींचा शेवट 'ली'. म्हणजे अर्थाने कोंबडीचा आणि चमेलीचा काही संबंध नसला, तरी तोंडाला दोन्ही ओळी जवळपास सारख्याच वाटतात. हिंदीच्या शब्दांनी चालीचा साचा तर पाळलाच, शिवाय जबड्याची उघडझापही पाळली.

आता गंमत पुढच्या शब्दांत आहे. मराठी ओळ कोंबडी, तंगडी, लंगडी अशी जाते. तिन्हींत अनुस्वार आणि पाठोपाठ 'डी'. हे तीन शब्द प्रत्येक तुकड्याच्या सुरुवातीला येतात, म्हणजे जीभ दर वेळी त्याच ठिकाणाहून उडी घेते. हिंदीत अनुप्रास तुकड्याच्या शेवटी गेला आहे: चमेली, अकेली. तिथे जीभ दर वेळी त्याच ठिकाणी येऊन टेकते. एक ओळ डोक्याकडून बांधली आहे, दुसरी शेपटीकडून. दोन्हींत आपल्याला पुढचा शब्द नीट आठवत नसला तरी तो कुठल्या आवाजाचा असणार हे तोंडाला आधीच ठाऊक असतं. चिकटणं म्हणतात ते हेच. आठवण कमी पडली तरी जीभ वाट चुकत नाही.

याच्या उलट उदाहरण देतो. समजा कवीने लिहून आणलं, 'तुझ्या स्मृतींचा स्पर्श'. कागदावर ओळ चांगली आहे, संथ भावगीतात ती उभीही राहील. पण द्रुत ठेक्यावर 'स्मृ' आणि 'स्प' लागोपाठ आले की जीभ थबकते. गायक ते निभावून नेईल, कारण तो शिकलेला असतो. रिक्षावाला नेणार नाही, आणि तो नेणार नसेल तर ओळ गावभर जाणार नाही. अशा वेळी मी कवीला अर्थ बदला असं म्हणत नाही, फक्त जोडाक्षरं समेपासून, म्हणजे तालाच्या पहिल्या ठोक्यापासून, लांब न्या म्हणतो.

ऱ्हस्व-दीर्घाचंही तेच. मराठी माणूस 'चहा' म्हणताना 'च' सोडून देतो आणि 'हा'वर बसतो. चालीने 'च' लांबवला तर तो 'चाहा' होतो आणि ऐकणाऱ्याला आत कुठेतरी खटकतं. 'नटरंग'मधली गुरू ठाकूर यांची लावणी, 'मला जाऊ द्या ना घरी, आता वाजले की बारा', तिचं बळ मला यात दिसतं की हे वाक्य आपण घरात जसंच्या तसं बोलू शकतो. उशीर झालेली कुठलीही बाई दारात उभी राहून हेच म्हणेल. बोलण्यातला चढउतार आधीच आपल्या अंगात असतो, चालीने त्यावर फक्त पाऊल ठेवलेलं असतं. म्हणून बेला शेंडे यांच्यासारखं गाता येत नसलं तरी ती ओळ आपल्या तोंडून सहज निघते.

आता दुसरा भाग: ओळ तोंडात बसली, पण ती फिरत का राहते? एकदा म्हणून संपायला हवी.

फिरत राहते, कारण तिला शेवट नसतो. आपल्याला गाणं आख्खं क्वचित अडकतं. अडकतो तो काही सेकंदांचा तुकडा, बहुतेक वेळा मुखडा, आणि चांगल्या मुखड्याची बांधणीच अशी असते की संपता संपता तो पुन्हा सुरुवातीला नेऊन सोडतो. 'नाच रे मोरा' घ्या. गदिमांचे शब्द, पु. ल. देशपांडे यांची चाल, आशा भोसले यांचा आवाज, १९५३ चा 'देवबाप्पा'. सत्तर वर्षं उलटली, तरी आजही बालवाडीतली मुलं ते नाचतात. त्याची पहिली ओळ बघा: सुरुवात 'नाच'ने, मधे आंब्याचं वन, आणि शेवट पुन्हा 'नाच'वर. जो शब्द ओळ संपवतो तोच ओळ सुरू करतो. चार वर्षांचं पोर शेवटच्या 'नाच'वर पोचलं की त्याला थांबायला जागाच नाही, ते पुन्हा 'रे मोरा' म्हणणारच. एवढी साधी आणि एवढी पक्की गाठ मारणं सोपं काम नाही. मी स्वतः या ओळीपुढे नेहमी थक्क होतो.

आपल्या जुन्या रचनांत याला ध्रुवपद म्हणतात, तमाशात आणि भजनात पालुपद. कडवं कुठेही भटकून येवो, पालुपदावर परत यायचंच. चित्रपटसंगीतात अंतऱ्याच्या, म्हणजे कडव्याच्या, शेवटी मुखड्याकडे वळवणारी ओळ असते, तिला आम्ही क्रॉस लाइन म्हणतो. अनेक गाण्यांत मुखड्यापेक्षा या वळणावर जास्त मेहनत घेतलेली असते, कारण ऐकणाऱ्याला मुखडा परत हवासा वाटणं हे तिचं काम.

फिरत राहण्याचं आणखी एक कारण म्हणजे मोकळी सोडलेली जागा. कुणी 'गणपती बाप्पा' म्हटलं आणि पुढे काहीच बोललं नाही, तर तुमच्या आत 'मोरया' उमटतोच. तो तुम्ही ठरवून म्हणत नाही. २००५ मध्ये अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजच्या संशोधकांनी हे मेंदूच्या चित्रांत पाहिलं. ओळखीच्या गाण्यांत मधेच आवाज पूर्ण बंद केला, तरी ऐकण्याशी संबंधित भाग त्या शांततेत काम करत राहिला. अनोळखी गाण्यांत तसं झालं नाही. ओळखीची पोकळी मेंदू स्वतः भरून काढतो. अ‍ॅरेंजर म्हणून माझ्या कामाचा मोठा भाग असा आहे की कुठे काही वाजवायचं नाही ते ठरवणं. हुकलाइननंतर, म्हणजे गाण्यातल्या सर्वांत चिकटणाऱ्या ओळीनंतर, दोन मात्रा रिकाम्या ठेवल्या की तिथे टाळी येते, शिट्टी येते, नाहीतर ऐकणाऱ्याचा स्वतःचा आवाज येतो. नवखे संयोजक घाबरून ती जागा ढोलकीच्या तुकड्याने भरून टाकतात. मग गाणं भरगच्च वाटतं, पण ऐकणाऱ्याला आत शिरायला दार राहत नाही.

चालीबद्दल बोलायचं तर २०१६ मध्ये केली याकुबोव्स्की आणि सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास आमच्या अनुभवाशी बराच जुळतो. सुमारे तीन हजार लोकांना विचारून त्यांनी सर्वाधिक अडकणारी पॉप गाणी काढली आणि तितकीच लोकप्रिय, पण न अडकणारी गाणी शेजारी ठेवली. अडकणाऱ्यांत तीन गोष्टी दिसल्या. लय तुलनेने जलद, चालीचा एकंदर चढउतार अगदी ओळखीच्या घाटाचा, आणि त्या ओळखीच्या घाटात एखादी अनपेक्षित झेप किंवा नेहमीपेक्षा जास्त वेळा घोटलेले स्वर. तो ओळखीचा घाट कुठला, तर नर्सरीतल्या 'ट्विंकल ट्विंकल'चा, आधी वर आणि मग खाली. पेटीवर वाजवून बघा: सा सा प प ध ध प, म म ग ग रे रे सा. दुसऱ्या स्वरावरून तिसऱ्यावर जाताना एकदम पंचमाची झेप, धैवताला नुसता स्पर्श, आणि मग पायरी पायरीने घरी परत. वर जाताना थोडं धाडस, येताना पूर्ण सुरक्षितता. शिवाय बहुतेक स्वर लागोपाठ दोनदा.

आमच्या धंद्यात याच गोष्टीसाठी एक तोंडी नियम आहे: मुखडा सगळा ओळखीचा हवा, फक्त एक जागा सोडून. ती एक जागा नसेल तर लोक गाणं ऐकतात आणि विसरतात. अशा दोन-तीन जागा ठेवल्या तर लोक कौतुक करतात, पण गुणगुणत नाहीत. आणि मुखड्याचा पल्ला खूप पसरू द्यायचा नाही. पाच-सहा स्वरांत मावला तर हळदीला बायकाही गातात आणि वरातीत पुरुषही गातात, स्केल कुठलाही असो.

आता हलकेपणाचा प्रश्न. हा मला मनापासून महत्त्वाचा वाटतो, कारण 'डोक्यात बसलं' हे आपल्याकडे जवळजवळ तक्रारीसारखं बोललं जातं. महाराष्ट्रात सर्वाधिक लोकांच्या डोक्यात बसलेली चाल कुठली, असं मला विचारलं तर मी कुठल्याही चित्रपटाचं नाव घेणार नाही. मी 'सुखकर्ता दुःखहर्ता' म्हणेन. समर्थ रामदासांच्या नावावर असलेली ही आरती भाद्रपदात सकाळ-संध्याकाळ गायली जाते. तिच्यात मी वर सांगितलेलं सगळं आहे. 'हर्ता' आणि 'वार्ता' यांचा ठोका आहे, 'जय देव जय देव'चं पालुपद आहे, टाळ्यांसाठी जागा आहे, आणि चालीचा पल्ला इतका आटोपशीर की आजोबा आणि नातू एकाच पट्टीत नसले तरी एकत्र म्हणू शकतात. शिवाय शंकराची 'लवथवती विक्राळा', विठ्ठलाची 'युगे अठ्ठावीस', देवीची 'दुर्गे दुर्घट भारी' या सगळ्या त्याच वळणाच्या. एक पाठ झाली की बाकीच्यांची चाल फुकट मिळते, शब्द तेवढे शिकायचे. त्यातच एखादा हौशी माणूस एका आरतीच्या कडव्यातून दुसऱ्या आरतीत शिरतो आणि सगळं घर त्याच्या मागे जातं, कारण चालीत कुठे सांधाच जाणवत नाही.

आरती आणि हळदीचं गाणं एकाच ओळीत ठेवतोय म्हणून कुणी दुखावू नये. दोन्हींचा हेतू वेगळा आहे आणि मला दोन्हींबद्दल आदर आहे. पण चिकटण्याची यंत्रणा एकच आहे, आणि ती चांगल्या-वाईटाकडे बघत नाही. संतांनी ती वापरली, शाहिरांनी वापरली, पाढे म्हणवून घेणाऱ्या गुरुजींनी वापरली. बे एके बे ते बे दाहे वीस याला चाल आहे म्हणूनच ते म्हातारपणीही जात नाही. 'विको टर्मरिक, नहीं कॉस्मेटिक'ने ती वापरली, 'वॉशिंग पावडर निरमा'ने वापरली. जे गाणं तुम्हाला हलकं वाटतं ते त्याच्या आशयामुळे हलकं असेल, शब्द आळसाने जुळवलेले असतील, बाईकडे बघण्याची नजर वाईट असेल. त्याबद्दल जरूर बोला. पण चिकटतं म्हणून हलकं, हे मला मान्य नाही.

आणि चिकटण्यासाठी आवडावं लागत नाही, हेही खरं आहे. 'सैराट'मधलं अजय-अतुल यांचं 'झिंगाट' २०१६ मध्ये आलं तेव्हा लग्न, मिरवणूक, शाळेचं स्नेहसंमेलन, काहीच सुटलं नाही. ज्यांना ते आवडलं नाही असे लोकही 'झिंग झिंग' म्हणत फिरत होते. मराठीत आवाजावरून आलेल्या शब्दांचा फार मोठा साठा आहे, आणि ते शब्द अर्थाच्या आधी ताल सांगतात. 'झिंग' लागोपाठ म्हणत गेलं की शब्द राहत नाही, हलगीची काडी होतो. मग 'झिंगाट'चा 'गाट' येतो आणि तोंड उघडून सगळी वाफ बाहेर. अगदी अलीकडचं, २०२४ मधलं संजू राठोड यांचं 'गुलाबी साडी' घ्या. त्यातलं 'लाली लाल लाल' म्हणून बघा. जीभ वरच्या दातांमागे फक्त टेकते आणि सुटते. एवढ्या कमी कष्टात म्हणता येणारी ओळ मराठी न येणाऱ्या पोरांनीही रीलवर उचलली यात मला नवल वाटलं नाही.

रीलने चिकटण्याचा स्वभाव बदललेला नाही, वेग बदलला आहे. पूर्वी रेडिओवर गाणं आठवड्यातून काही वेळा लागायचं, मुखडा रुजायला महिना जायचा. आता तोच पंधरा सेकंदांचा तुकडा एका बैठकीत आठ वेगवेगळ्या चेहऱ्यांवर ऐकू येतो. अंतरा ऐकू येतच नाही. म्हणजे शेवट नसलेला तुकडाच आपल्याला विकला जातो, आणि तुकडा अपुरा असला की मन त्याच्याकडे परत परत जातं. त्यामुळे आजची गाणी जास्त अडकतात असं वाटत असेल, तर त्याचं मोठं कारण हे आहे. निर्मातेही आता मला अंतऱ्याबद्दल क्वचित विचारतात. याचं मला दुःख होतं, कारण खरा कवी आणि खरा संगीतकार अंतऱ्यात दिसतो.

मग ठरवून असं गाणं करता येतं का? प्रयत्न ठरवूनच केला जातो. बहुतेक संगीतकार आधी चाल बांधतात, तीही डमी शब्दांवर. पेटी किंवा गिटार घेऊन ते काहीही बरळतात, 'तारा रा', 'काय गं राणी', आकडे, भाजीपाल्याची नावं. त्यावरून कवीला मीटर, म्हणजे ओळीच्या मात्रांचा साचा, दिलं जातं. मी तरुण संगीतकारांना नेहमी सांगतो की डमीचं रेकॉर्डिंग पुसू नका. त्या बरळण्यात तुमच्या जिभेने स्वतःच्या सोयीचे स्वर आणि व्यंजनं निवडलेली असतात. कवीचे शब्द आल्यावर ओळ अचानक जड वाटू लागली तर डमी पुन्हा ऐका. बहुतेक वेळा असं सापडतं की डमीत लांब स्वरावर 'आ' होता आणि शब्दांत तिथे 'उ' आला आहे, किंवा समेवर 'ग' होता आणि तिथे 'क्ष' आला आहे. अर्थ न बिघडवता एवढंच जुळवलं की ओळ पुन्हा उडते.

पारख करायची माझी पद्धत अशी. मुखडा स्टुडिओतल्या चहावाल्या पोराला किंवा ड्रायव्हरला ऐकवायचा, पण कसा वाटला ते विचारायचं नाही. लोक भिडेखातर छानच म्हणतात. तासाभराने तो स्वतःच्या नादात काय गुणगुणतोय तिकडे कान ठेवायचा. तो कुठे चुकतो तेही बघायचं. लोक ओळ जिथे चुकीची म्हणतात, तिथे बहुतेक वेळा त्यांची चूक बरोबर असते आणि आमची चाल अवघड असते. असे स्वर मी नंतर लोकांच्या चुकीप्रमाणे सरळ केले आहेत आणि त्यात कमीपणा मानलेला नाही.

दुसरी पारख बँडची किंवा बेंजो पार्टीची. कोळीवाड्यात, कोकणात, मुंबईच्या चाळींत बेंजोवर शब्दांशिवाय गाणी वाजतात आणि शब्द पब्लिक घालतं. चाल एकट्या बेंजोवर ओळखू आली आणि लोकांच्या तोंडून शब्द आपोआप निघाले, तर मुखडा पक्का. अमेरिकेतल्या बेलर विद्यापीठातले मायकेल स्कलिन आणि सहकारी यांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात हीच गोष्ट वेगळ्या बाजूने दिसली. झोपण्याआधी ओळखीच्या गाण्यांची नुसती वाद्यांवरची रूपं ऐकलेल्या लोकांच्या डोक्यात गाणी जास्त अडकली, शब्दांसकट ऐकलेल्यांच्या कमी. शब्द बाहेरून मिळाले नाहीत की आपण ते आतून पुरवतो, आणि पुरवण्याचं काम सुरू झालं की ते बंद करणं अवघड जातं.

पण हमी कुणीच देऊ शकत नाही. सगळं जुळवून बांधलेले मुखडे पडतात, कारण लोकांच्या कानावर ते पुरेशा वेळा पडलेच नाहीत. प्रसिद्धीचा पैसा, रिलीजची वेळ, लग्नसराई आहे की परीक्षा चालू आहेत, हे सगळं त्यात येतं. ठेका मात्र शक्यतो मातीतला घ्यावा असा माझा आग्रह असतो. कोळीगीताचा सहा मात्रांचा झोका, लावणीच्या ढोलकीची चाल, लेझीमचा ठोका हे मराठी अंगात आधीच बसलेले आहेत. त्यांच्यावर ओळ ठेवली की निम्मं काम पूर्वजांनी करून ठेवलेलं असतं.

आता घालवायचं कसं. पहिली गोष्ट, दाबू नका. एखादी गोष्ट आठवायची नाही असं ठरवलं की तीच आठवते, हे डॅनियल वेगनर यांनी १९८७ मध्येच प्रयोगाने दाखवलं होतं. त्यापेक्षा गाणं पूर्ण ऐका, अंतऱ्यांसकट, शेवटच्या ठोक्यापर्यंत, आणि शक्य असेल तर बरोबर मोठ्याने गा. तुकडा पुरा झाला की त्याची ओढ कमी होते. मी स्वतः रेकॉर्डिंगहून परतताना हेच करतो, कारण दिवसभर एकाच मुखड्याच्या लूपवर काम केलेलं असतं.

दुसरं, जिभेला काम द्या. च्युइंगम चालेल, चणे-शेंगदाणे चालतील असा माझा अनुभव आहे. वर्तमानपत्रातला उतारा मोठ्याने वाचा, नाहीतर कुणाला तरी फोन करा. तिसरं, डोक्याला मध्यम कष्टाचं काम द्या. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ आयरा हायमन यांनी सुडोकू आणि शब्दकोड्यांसारखी कामं देऊन पाहिलं. काम फार सोपं असेल तेव्हा गाणी परत येतात, आणि फार अवघड असेल तेव्हाही येतात, कारण कंटाळलेलं किंवा हरलेलं मन भटकतंच. जमेल इतपत अवघड कोडं असलं की गाणं मागे राहतं. भांडी घासताना, अंघोळ करताना, सिग्नलला थांबलेलं असताना तीच ओळ का येते, याचंही उत्तर यात आहे. रात्री त्रास होत असेल तर झोपण्याआधी ओळखीच्या गाण्यांची बासरी, पियानो अशी शब्दांशिवायची रूपं लावू नका. शांत वाटतात म्हणून लोक तीच लावतात.

बहुसंख्य लोकांना हे अधूनमधून होतं आणि त्यात काळजीचं काही नाही. पण एकच ओळ आठवडेच्या आठवडे थांबत नसेल, झोप किंवा काम बिघडत असेल, किंवा गाणं आतून येत नसून बाहेर खरोखर वाजतंय असंच वाटत असेल, तर घरगुती उपाय करत बसू नका, डॉक्टरांना दाखवा. विशेषतः कमी ऐकू येणाऱ्या ज्येष्ठांना असं बाहेर वाजल्यासारखं ऐकू येऊ शकतं. घरचे त्याला भ्रम किंवा हट्ट समजून गप्प बसवतात. तसं न करता आधी त्यांचे कान तपासून घ्या.